मॅन्युअल लिहिणाऱ्या टीमसाठी व्हर्जन कंट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल आणि मोटर स्टार्टर बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही सात जण मॅन्युअल लिहितो. आधी इंग्रजी, मग मराठी आणि हिंदी. चार वर्षांपूर्वी शेअर्ड फोल्डर सोडून आम्ही व्हर्जन कंट्रोलवर आलो. तेव्हापासून सातपूर, सिन्नर, गोंद्याकडच्या ओळखीच्या टीम फोन करून साधारण तेच प्रश्न विचारतात. फोनवर तीच कॅसेट वाजवून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आमची सगळी मशिन विंडोजची आहेत आणि बहुतेक काम वर्डमध्ये चालतं, हे धरून वाचा.

व्हर्जन कंट्रोल म्हणजे नेमकं काय? आम्ही काही प्रोग्रामर नाही.

सातबारा पाहिला असेल. आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते त्यावर दिसतं. पण ती तशी कशी झाली, वारसाने आली की खरेदीने, कोणत्या सालात, हे बघायचं तर फेरफाराचा नंबर धरून मागे जावं लागतं. तुमच्या फोल्डरमधलं मॅन्युअल म्हणजे सातबारा. व्हर्जन कंट्रोल त्याची फेरफार नोंदवही ठेवतं. प्रत्येक बदलाला नंबर, तारीख, करणाऱ्याचं नाव आणि कारण. शिवाय तलाठ्याला जमत नाही ते यात जमतं. कोणत्याही जुन्या नंबरावर जाऊन त्या दिवशीची अख्खी फाइल जशीच्या तशी परत काढता येते.

यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. आमच्या टीममध्ये एक जण मराठी साहित्यात एमए आहे आणि सर्व्हर सध्या तीच सांभाळते.

शेअर्ड फोल्डर चाललंय की व्यवस्थित. कशाला उगाच?

तुमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये 'अंतिम' हा शब्द शोधून बघा. आमच्याकडे एकाच स्टार्टर मॅन्युअलच्या नऊ फाइल सापडल्या होत्या: अंतिम, अंतिम नवीन, अंतिम दुरुस्त, अंतिम साहेबांनी पाहिलेली, अंतिम खरंच वगैरे. छपाईला गेली होती ती 'अंतिम दुरुस्त' आणि साहेबांनी पाहिलेली होती ती वेगळी. फाइल सापडायचीच, प्रश्न तो नव्हता. कोणती खरी हे सांगणारा माणूस रजेवर असला की सगळं थांबायचं.

वर्डचं ट्रॅक चेंजेस आहे, गूगल डॉक्समध्ये हिस्टरी आहे. ते पुरत नाही?

एका फाइलपुरतं पुरतं. वीस पानांचं एकच पत्रक असेल तर माझ्याकडून मोकळे आहात, पुढचं वाचू नका.

आमचं एक पॅनल मॅन्युअल म्हणजे चाळीसेक वर्ड फाइल, दोनशेच्या वर चित्रं आणि तीन भाषा. ग्राहक विचारतो, 'तुमच्या मागच्या दिवाळीतल्या पुस्तकात हे चित्र होतं का?' त्या दिवशी या सगळ्या फाइल मिळून कशा होत्या, हे ट्रॅक चेंजेस सांगत नाही. आणि बदल 'ॲक्सेप्ट' केले की तिथली खूण जाते.

गिट घ्यायचं की सबव्हर्जन?

ही दोन्ही व्हर्जन कंट्रोलची सॉफ्टवेअर. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वादाचा प्रश्न. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं: गिट. कारण भाचा पुण्यात आयटीत आहे आणि तो म्हणतो, 'सबव्हर्जन आता कोण वापरतं, मामा?'

भाच्याचं अगदीच चूक नाही. गिट २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी लिहिलं. जगभर विखुरलेले हजारो प्रोग्रामर एकाच वेळी त्याच मजकुरावर काम करणार आणि नंतर ते जुळवून घेणार, हे गृहीत धरूनच त्याची मांडणी आहे. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची स्वतःची प्रत असते. नेट नसताना कमिट, म्हणजे बदलाची इतिहासात नोंद, करता येतं. साध्या मजकुराच्या फाइलवर दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या तर त्या बहुतेक वेळा आपोआप जुळतात.

अडचण 'साध्या मजकुराच्या' या शब्दांत आहे. वर्डची आजची फाइल म्हणजे एक्सएमएलच्या फाइलींचं झिप केलेलं गाठोडं. खरं वाटत नसेल तर एखाद्या फाइलच्या कॉपीचं एक्स्टेंशन बदलून झिप करा आणि उघडा. एक स्वल्पविराम बदलला तरी गाठोडं नव्याने बांधलं जातं आणि ओळीओळीने तुलना करायला हाती काही लागत नाही. दोघांनी एकच वर्ड फाइल बदलली तर गिट हात वर करतं: यांची ठेवा नाहीतर त्यांची ठेवा. एकाची दुपार वाया.

म्हणून अशा फाइलींना आधी कुलूप लागतं. 'मी यावर बसलोय, तुम्ही थांबा' असं सांगणारं. सबव्हर्जनमध्ये ही लॉकची सोय १.२ आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे आणि माउसच्या दोन क्लिकवर आहे. गिटमध्ये ती गिट एलएफएस नावाच्या जोडणीतून २०१७ मध्ये आली. चालते, पण बसवायला आणि समजावायला जड.

माझं मत असं. वर्ड, फ्रेममेकर, फोटोशॉप यांत काम असेल तर सबव्हर्जन. मार्कडाउन, ॲस्कीडॉक किंवा डिटासारख्या साध्या मजकुरात लिहीत असाल आणि तुमचे डेव्हलपर आधीच गिटवर असतील तर डोळे झाकून गिट, कारण अडलात की विचारायला माणूस शेजारच्या खुर्चीत आहे. फॅशन बघून ठरवू नका, तुमच्या फोल्डरमध्ये कोणत्या प्रकारच्या फाइल आहेत ते मोजा आणि ठरवा. आमच्याकडे दहातल्या नऊ वर्ड आणि चित्रांच्या होत्या. आम्ही सबव्हर्जन घेतलं, म्हणून यापुढची उत्तरं त्याचीच आहेत.

खर्च किती? सर्व्हर कुठला घ्यायचा?

सॉफ्टवेअरचे शून्य रुपये. सबव्हर्जन मुक्त स्रोत आहे आणि २०१० पासून अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे. लेखकांच्या मशिनवर टॉर्टॉइज-एसव्हीएन बसवायचं, तेही मोफत. टॉर्टॉइज म्हणजे कासव. वेगळा प्रोग्राम उघडावा लागत नाही, विंडोजच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये राइट क्लिक केलं की मेनू येतो. सर्व्हरसाठी विंडोजवर व्हिज्युअल-एसव्हीएन सर्व्हर सोपं पडतं, छोट्या टीमसाठी त्याची मोफत आवृत्ती आहे.

मशिन म्हणाल तर आम्ही अकाउंट्सने टाकून दिलेला डेस्कटॉप घेतला. पैसे गेले ते नवीन एसएसडी, यूपीएस आणि बॅकअपच्या दोन डिस्क यांवर. त्यात कंजुषी नको.

दोन गोष्टी मात्र करू नका. सर्व्हर न बसवता रिपॉझिटरी (सगळ्या फाइल आणि त्यांच्या इतिहासाचं कोठार) नुसती शेअर्ड ड्राइव्हवर ठेवून सगळ्यांनी तिथून थेट उघडायची, हे नको. आणि आपली वर्किंग कॉपी, म्हणजे आपल्या मशिनवरची कामाची प्रत, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायची, हे तर अजिबात नको. दोन्ही बाजू त्याच फाइल ओढू लागतात आणि भांडण तुम्हाला निस्तरावं लागतं.

रोज नेमकं करायचं काय?

सकाळी आल्यावर 'अपडेट', म्हणजे इतरांचे बदल आपल्या मशिनवर घ्यायचे. ज्या फाइलवर बसायचं तिच्यावर राइट क्लिक करून 'गेट लॉक'. काम. जेवायला उठण्याआधी 'कमिट', निघताना पुन्हा 'कमिट'. कमिट केलं की लॉक आपोआप सुटतं, मुद्दाम 'कीप लॉक्स'वर टिचकी केली असेल तरच राहतं.

एवढंच. नवीन माणसाला आम्ही पहिले दोन आठवडे याच्या पलीकडे काही शिकवत नाही. ब्रँच, मर्ज हे शब्दसुद्धा काढत नाही.

लॉक घ्यायचं लोक विसरतात. काय करावं?

विसरणारच. म्हणून फाइललाच आठवण करून द्यायला लावा. सबव्हर्जनमध्ये 'नीड्स-लॉक' नावाची प्रॉपर्टी आहे. ती लावली की लॉक घेईपर्यंत फाइल 'रीड-ओन्ली' राहते. वर्डमध्ये उघडली की वरच्या पट्टीत तसं दिसतं आणि सेव्ह करू गेलात की वर्ड दुसरं नाव मागतं. तिथे माणूस थबकतो, आणि तेच हवं असतं.

कोणी हट्टाने रीड-ओन्लीची खूण काढून काम केलंच, तर फाइल त्याच्या मशिनवर बदलेल. पण लॉक दुसऱ्याकडे असेल तर सर्व्हर कमिट घेणार नाही.

इथे आमची चूक सांगतो. सबव्हर्जन १.८ पासून 'ऑटो-प्रॉप्स' नावाची सोय फोल्डरवरच लावता येते: या फोल्डरात जी वर्ड फाइल नव्याने येईल तिला नीड्स-लॉक आपोआप लागू दे. आम्ही आधी तीनशे फाइल आत घातल्या आणि मग ही सोय लावली. ती फक्त नंतर येणाऱ्या फाइलींना लागते. आधीच्या तीनशे मोकाट. आठवडाभर दोघं एकमेकांच्या फाइल तुडवत होते आणि मी मात्र 'लॉक आहे ना, काळजी नको' म्हणून निवांत. तर क्रम लक्षात ठेवा: आधी प्रॉपर्टी, मग फाइल.

लॉक घेऊन माणूस सुट्टीवर गेला तर?

जातोच. आमच्या एकाची निफाडकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला त्याची रजा ठरलेली. एका वर्षी गडी अकरा फाइलवर लॉक ठेवून गेला आणि फोन घरी ठेवून बागेत.

घाबरायचं कारण नाही. 'गेट लॉक' करताना खाली 'स्टील द लॉक्स' असा चौकोन असतो. टिचकी मारा, लॉक तुमचं. चोरी म्हटलंय खरं, पण कोणी कोणाचं तोडलं ते दिसतं. मूळ माणूस परत येऊन कमिट करू लागला की त्याला नकार मिळतो. त्याच्या मशिनवर जे अर्धवट बदल असतील ते वर्डच्या 'कम्पेअर'ने शोधून नव्या फाइलमध्ये घालायचे. टॉर्टॉइजमध्ये वर्ड फाइलवर 'डिफ' म्हटलं तरी वर्डचंच कम्पेअर उघडतं.

आमचा नियम: तोडण्याआधी एक फोन, उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर एक ओळ, आणि मग खुशाल तोडा. त्या वर्षीच्या द्राक्षांची पेटी मात्र आम्ही दंड म्हणून वसूल केली.

कमिटचा संदेश लिहिलाच पाहिजे का? 'बदल केले' म्हटलं तर नाही चालणार?

या प्रश्नावर मी जरा चिडतो, कारण आमचे हात यात पोळलेत.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सिन्नरच्या एका ग्राहकाच्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. मॅन्युअलमध्ये सांगितल्याएवढं आवळलं तर टर्मिनलचा स्क्रू तुटतोय. मॅन्युअल काढून बघितलं. टर्मिनलचा टॉर्क: ३५ न्यूटन-मीटर. एवढ्याशा पितळी स्क्रूला ३५! इथे ३.५ च्या आसपास काहीतरी हवं, हे त्या इलेक्ट्रिशियनला कळलं, आमच्यापैकी तिघांनी वाचून कोणाला कळलं नव्हतं.

इतिहास काढला. पाच मिनिटांत सापडलं की आधीच्या आवृत्तीत ३.५ होतं आणि अमुक तारखेला अमुक माणसाने ते ३५ केलं. इथपर्यंत यंत्राने काम चोख केलं. संदेशात काय होतं? 'किरकोळ बदल'. त्या माणसाने नोकरी सोडून सहा महिने झालेले. मग ३५ आला कुठून? दशांशचिन्ह चुकून गेलं, की डिझाइनने खरोखर काही कळवलं होतं? नुसतं ३.५ करून टाकणंही धोक्याचं, कारण कदाचित स्क्रूच बदललेला असेल. दोन दिवस ड्रॉइंग चाळल्यावर उलगडा झाला. एका नव्या ड्रॉइंगवर टॉर्क ३५ लिहिलेला होता, पण एकक होतं किलोग्रॅम-फोर्स सेंटिमीटर. ते न्यूटन-मीटरमध्ये केलं की होतं ३.४३. म्हणजे मूल्य बदललंच नव्हतं. आकडा आला, एकक मागे राहिलं.

'टॉर्क ३५ केला, नवीन टर्मिनल ड्रॉइंगनुसार' एवढं जरी संदेशात असतं, तरी ते ड्रॉइंग उघडून चूक दहा मिनिटांत सापडली असती. फेरफाराच्या नोंदीत नुसतं 'नाव बदललं' लिहून भागत नाही, वारसाने की खरेदीखताने हे लिहावंच लागतं. तसंच हे.

काय बदललं ते यंत्र दाखवतं. संदेशात का बदललं ते लिहा, आणि कोणाच्या सांगण्यावरून ते लिहा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, 'साहेबांनी फोनवर सांगितलं' असं लिहिलं तरी चालेल. टॉर्टॉइजमध्ये 'लॉग-मिन-साइझ' नावाची प्रॉपर्टी आहे, ती फोल्डरवर लावली की ठरवलेल्या अक्षरांपेक्षा छोट्या संदेशाला कमिटचं बटण दबतच नाही. आम्ही २५ ठेवलं. पहिल्या आठवड्यात एकाने पंचवीस टिंबं टाईप केली. त्याच्याशी बोललो. यंत्राने सक्ती होते, सवय नाही होत, ती टेबलाशी बसून लावावी लागते.

मराठी मजकुराचा काही त्रास होतो का?

होतो, आणि याबद्दल इंग्रजी मदतपानांवर काही सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली मॅन्युअल असतील तर ती आधी युनिकोडमध्ये आणा, मग रिपॉझिटरीत घाला. त्या फाइलींच्या पोटात मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवतो. तुलना करायला गेलात की वेष उतरतो आणि समोर नुसता चिखल. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार, जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा ऱ डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर बहुतेक तिथेच घसरतात.

दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. आमच्या मॅन्युअलमध्ये सगळ्यात जास्त येणारा शब्द 'ॲम्पिअर'. एकदा साध्या मजकुराच्या एका फाइलची तुलना लावली तर एक ओळ लाल दाखवतेय, आणि डावी-उजवी अगदी सारखी. चष्मा पुसून बघितलं, तरी सारखी. शेवटी अक्षरांचे कोड काढले. एकाने 'ॲ' हे एकच अक्षर टाईप केलं होतं, दुसऱ्याने 'अ' वर चंद्र चढवून 'अॅ' केला होता. पडद्यावर जुळी भावंडं, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. सुटा 'ॲ' युनिकोडमध्ये आला तो ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये. त्याआधीचे कीबोर्ड आणि सवयी जोडून करण्याच्याच. तोवर आमची 'शोधा आणि बदला' मोहीम निम्म्याच जागा बदलत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आता सगळ्यांच्या मशिनवर एकच इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि कोणता 'ॲ' वापरायचा ते शब्दसूचीच्या पहिल्या ओळीत लिहिलंय. साध्या मजकुराच्या फाइलींसाठी सर्व्हरवर प्री-कमिट हुकही लावलाय. जुना 'अॅ' दिसला की तो कमिट परत पाठवतो. हुक म्हणजे कमिट आत घेण्याआधी सर्व्हरने चालवायची छोटी स्क्रिप्ट. ती आयटीच्या माणसाकडून लिहून घ्या, चहा-मिसळीत काम होतं.

तिसरी, छोटी गोष्ट. साध्या मजकुरात लिहीत असाल तर एका ओळीत एकच वाक्य ठेवा. तुलना परिच्छेदाची न होता वाक्याची होते. मराठी वाक्यं लांबतात, त्यामुळे फरक लगेच जाणवतो.

फाइलींची नावं मराठीत ठेवावीत का?

सबव्हर्जन घेतं. गिटही घेतं, पण यादी दाखवताना नावाऐवजी तिरप्या रेघा आणि आकड्यांची रांग दाखवतं. 'कोट-पाथ' नावाचं सेटिंग बंद केलं की नीट दिसतं. तरी माझा सल्ला रोमन लिपीत, छोटी अक्षरं, मध्ये स्पेस नको. प्रेसकडे, भाषांतरकाराकडे, कुठल्या जुन्या झिप प्रोग्रामकडे ती फाइल जाईल सांगता येत नाही. नावात तारीख आणि 'अंतिम' तर नकोच नको, त्यासाठीच हा खटाटोप केलाय.

इंग्रजी बदललं की मराठी-हिंदी मागे पडतं. ते कसं सांभाळता?

रिव्हिजन नंबराने. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक कमिटला अख्ख्या रिपॉझिटरीचा एकच चढता नंबर मिळतो. मराठी फाइलच्या पहिल्या पानावर लपवलेल्या मजकुरात आम्ही एक ओळ ठेवतो: 'इंग्रजी रिव्हिजन ४१२ वरून'. महिन्याभराने इंग्रजी ४८० वर पोहोचलं असेल तर ४१२ आणि ४८० यांची तुलना लावायची, तेवढेच परिच्छेद भाषांतराला द्यायचे आणि ओळीतला नंबर बदलायचा.

पूर्वी भाषांतरकार अख्खा अध्याय पुन्हा वाचून 'काय बदललंय' शोधायच्या. ते गेलं. माझ्या मते आम्हाला व्हर्जन कंट्रोलचा सगळ्यात रोकडा फायदा इथे झाला.

बाहेरच्या भाषांतरकाराला फाइल द्यायच्या तर 'एक्सपोर्ट' करून द्या. त्यात सबव्हर्जनचं लपलेलं फोल्डर जात नाही. वर्किंग कॉपी तशीच झिप करून मेल करू नका.

छापायला दिलेली आवृत्ती नंतर सापडावी म्हणून काय करता?

टॅग करतो. रिपॉझिटरीत वरच्या पातळीवर ट्रंक, ब्रँचेस आणि टॅग्ज अशी तीन फोल्डर ठेवायची पद्धत आहे. रोजचं काम ट्रंकमध्ये. प्रेसला फाइल जाते त्या दिवशी ट्रंकची टॅग्जमध्ये कॉपी. ही कॉपी स्वस्त असते, सर्व्हरवर फाइल दुप्पट होत नाहीत. टॅगचं नाव मॅन्युअलच्या मागच्या कव्हरवर बारीक अक्षरात छापतो. ग्राहकाने फोनवर ते वाचून दाखवलं की आम्ही तेच पुस्तक समोर उघडतो. टॅगमध्ये नंतर काही बदलायचं नाही. सबव्हर्जन बदलू देतं, तुम्ही बदलू नका.

पीडीएफ, फोटो, व्हिडिओ सगळं आत ठेवायचं?

मोठ्या फाइल जपून. रिपॉझिटरीतून फाइल डिलीट केली तरी ती इतिहासात राहते आणि डिस्कवरची जागा अडवून बसते. ती खरोखर काढायची तर सगळी रिपॉझिटरी डम्प करून, गाळून, नव्याने भरावी लागते. आम्ही एकदा केलंय, पुन्हा करायची इच्छा नाही. मॅन्युअलमध्ये लागणारी चित्रं आत, कॅमेऱ्यातले मूळ फोटो आणि व्हिडिओ बाहेर. रोज बनणाऱ्या पीडीएफ बाहेर, फक्त प्रेसला गेलेली पीडीएफ टॅगसोबत आत. पासवर्ड लिहिलेली फाइल चुकून आत गेली तर ती पुसण्याच्या मागे लागू नका, आधी पासवर्ड बदला.

इंजिनिअर आणि साहेब लोक हे वापरतील का?

नाही. त्यांना पीडीएफ द्या किंवा प्रिंट काढून द्या. आमचे डिझाइनचे साहेब अजून लाल पेननेच दुरुस्त्या करतात आणि त्यांचे शेरे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा नेमके असतात. तो कागद स्कॅन करून ठेवतो आणि संदेशात त्याची तारीख लिहितो.

वीज किंवा नेट गेलं तर?

सर्व्हर ऑफिसातच असेल तर नेट जाण्याने ऑफिसातल्यांना काही फरक पडत नाही. घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांना पडतो: त्यांचं लिहिणं चालू राहतं, केलेला बदल मागे घेता येतो, पण कमिट आणि जुना लॉग (आधीच्या कमिटची यादी) बघणं थांबतं. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदले की फायबर तुटतंच, त्यामुळे आमच्या सिडकोवाल्या बाईंना याची सवय झालीय.

विजेचं म्हणाल तर वळवाचा पहिला पाऊस आला की अंबडला दिवे जायचेच. कमिट अर्धवट होत नाही. झाला तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. मधेच मशिन बंद पडलं तर पुन्हा चालू झाल्यावर वर्किंग कॉपी 'लॉक्ड' म्हणून रुसते. राइट क्लिक, 'क्लीनअप', झालं. हे लॉक वेगळं, आपलं फाइलचं लॉक वेगळं. नाव एकच असल्याने नवीन माणूस हमखास गोंधळतो.

बॅकअप कसा घेता?

रोज रात्री 'हॉटकॉपी'. लोक काम करत असतानाही ती नीट प्रत काढते. रिपॉझिटरीचं फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट करू नका, मधेच कोणी कमिट केलं तर प्रत फाटकी निघू शकते. दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून, त्यातली एक कायम कोणाच्या तरी घरी.

आणि तीन महिन्यांतून एकदा त्या बॅकअपमधून दुसऱ्या मशिनवर खरोखर रिपॉझिटरी उभी करून बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळलं की पाच आठवडे रोज रात्री शून्य आकाराची फाइल बनत होती. डिस्क भरली होती आणि कोणी बघत नव्हतं.

जुन्या सगळ्या फाइल आत घालायच्या का?

नका घालू. प्रत्येक मॅन्युअलची छापलेली शेवटची प्रत शोधा, तिच्याशी जुळणारी फाइल तेवढी आत घ्या. बाकीचं जुनं फोल्डर रीड-ओन्ली करून बाजूला ठेवा. आम्ही पंधरा वर्षांचा इतिहास 'नीट लावून' आत घालायला निघालो होतो. तीन आठवडे गेले आणि कामाला कोणी हात लावला नाही. शेवटी सोडून दिलं. त्या जुन्या फोल्डरात आजवर फक्त दोनदा जावं लागलं.

सर्व्हर बसवायला किती दिवस?

अर्धा दिवस. लोकांच्या हातात बसायला दोन महिने.

पुढे गिटवर जावंसं वाटलं तर अडकून पडू का?

नाही. सबव्हर्जनचा इतिहास, संदेश आणि नावांसकट, गिटमध्ये नेता येतो, त्यासाठी 'गिट एसव्हीएन' ही सोय गिटसोबतच मिळते. म्हणून पहिल्या निवडीवर महिनाभर बैठका घेऊ नका.

सगळं बसवलं, पण फाइलींवर हिरव्या-लाल खुणा दिसत नाहीत. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. आयकॉनवर अशा खुणा चढवण्यासाठी विंडोजमध्ये मोजून पंधरा जागा आहेत. त्यातल्या काही विंडोज स्वतः घेतं आणि वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारखे प्रोग्राम बाकीच्या बळकावून बसतात. मुंबई नाक्यावर बस लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. टॉर्टॉइजच्या सेटिंग्जमध्ये 'आयकॉन ओव्हरलेज' बघा, मग न वापरले जाणारे ड्राइव्हचे प्रोग्राम काढून टाका आणि मशिन एकदा रीस्टार्ट करा. तरीही दिसल्या नाहीत तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'चेक फॉर मॉडिफिकेशन्स' म्हणा, काय बदललंय त्याची यादी तिथे खुणांशिवायही मिळते.